प्रज्ञाशोधाच्या दोन परीक्षा आणि तिसरी कागदांची

राज्यातून पुढच्या टप्प्याला जाणारी मुलं ३८७. हा आकडा सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि कुणालाही तो पुसू दिला नाही. आम्ही दहावीची सात-आठ पोरं जादा तासाला बसायचो. साल २०१८, गाव म्हसवड, तालुका माण. अख्ख्या महाराष्ट्रातून ३८७, त्यात मुंबई-पुण्याची पोरं किती, लातूरची किती, असा हिशेब मागच्या बाकावर व्हायचा आणि शेवटी आमच्या वाट्याला अर्धा पोरगा यायचा. सर म्हणायचे, "अर्धा तर अर्धा. तो कोण ते बघू."

ही राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, म्हणजे एनटीएस. दहावीच्या वर्षी द्यायची. पहिला टप्पा राज्यस्तराचा. तो आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घ्यायची. त्यातून निवडलेल्यांची दुसऱ्या टप्प्याची परीक्षा दिल्लीची एनसीईआरटी, म्हणजे शालेय पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था, घ्यायची. 'घ्यायची' असं का म्हणते आहे ते पुढे येईल. मी दोन्ही टप्पे पार केले, शिष्यवृत्ती मिळाली, अजून एमएस्सीला असल्यामुळे तिचा संबंध सुटलेला नाही. गावाकडची मुलं आणि त्यांचे पालक अधूनमधून विचारतात, "ताई, कसं केलंस?" फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते. पहिल्या टप्प्याची तयारी मी दहावीत केलीच नव्हती. ती चौथीत झाली होती. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला होती. पुढची सातवीला असायची, पण मधेच ती पाचवी-आठवीला गेली आणि आमची बॅच सातवीत मोकळी राहून २०१७ च्या फेब्रुवारीत आठवीच्या परीक्षेला बसली. त्यामुळे बुद्धिमत्ता चाचणी हा विषय आम्हाला दोनदा पुरेपूर घोटून मिळाला. आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब, ठोकळ्याच्या समोरासमोरच्या बाजू, सांकेतिक भाषा, 'रामाच्या बहिणीच्या सासूचा एकुलता एक मुलगा' छापाची नाती, हे सगळं दहावीत कुणी नव्यानं शिकवावं लागलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ज्या बाईंनी चौथीत शनिवारी दुपारी थांबवून आमच्याकडून हे करून घेतलं, त्यांना एनटीएस हा शब्द माहीत होता की नाही, कोण जाणे. पण राज्यस्तराच्या माझ्या गुणांतले निम्मे तरी त्यांचेच.

राज्यस्तराला दोन पेपर. बौद्धिक क्षमता चाचणी, जिला सगळे मॅट म्हणतात, आणि शालेय क्षमता चाचणी, म्हणजे सॅट. दोन्हींत १०० प्रश्न, १२० मिनिटं. सॅटमध्ये विज्ञानाचे ४०, समाजशास्त्राचे ४०, गणिताचे २०. खुल्या गटाला दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२. पण हे किमान गुण फक्त रांगेत उभं राहण्यापुरते. खरी निवड गुणानुक्रमे, आपापल्या गटाच्या जागांत.

१०० प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. शाळेत सर्वांत हुशार म्हणून नाव असलेला आमचा एक वर्गमित्र इथेच अडकायचा. प्रश्न अर्धवट सोडून पुढे जाणं त्याला जमत नसे. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसलीत, कोण कुणाच्या डावीकडे, असला प्रश्न आला की तो कागदावर वर्तुळ काढून बसायचा आणि चार-पाच मिनिटं गेल्यावर विजयी चेहऱ्यानं वर बघायचा. उत्तर बरोबर असायचं. तेवढ्या वेळात बाकीच्यांचे चार प्रश्न झालेले असायचे. सरांनी आम्हाला तीन फेऱ्यांची सवय लावली. पहिल्या फेरीत वाचता वाचता उत्तर दिसतं तेवढेच प्रश्न. दुसऱ्या फेरीत पद्धत माहीत आहे पण आकडेमोड करावी लागेल असे. गोल टेबलवाली माणसं तिसऱ्या फेरीत, वेळ उरला तर.

दुसऱ्या फेरीतले प्रश्न पाठ करून नाही, हात बसवून सुटतात. घड्याळाचंच घ्या. ३ वाजून ४० मिनिटांनी दोन काट्यांत कोन किती? मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो, म्हणजे तो २४० वर. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश, म्हणजे तीनचे ९० आणि वर २०, एकूण ११०. फरक १३०. पहिल्यांदा करताना मला बराच वेळ लागला, कारण तासकाटा तीनवरच थांबला आहे असं डोळ्यांना वाटत राहतं. दिवाळीपर्यंत अशी उदाहरणं पंधरा-वीस सेकंदांत व्हायला लागली. दिनदर्शिकेच्या प्रश्नांना सरांनी एक खुंटी दिली होती: १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. तिथून वर्षाला एक वार पुढे, लीप वर्षाला दोन. कुठल्याही तारखेपर्यंत चालत जाता येतं.

सर स्वतः ही परीक्षा दिलेले होते, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. त्या काळी दुसऱ्या टप्प्यात लेखीनंतर मुलाखतही असायची. सर मुलाखतीपर्यंत गेले होते. तिथे काय झालं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, एवढंच म्हणायचे, "तुमचं बरंय, तुम्हाला कुणी तोंड उघडायला लावत नाही." ही योजना मुळात १९६३ ची. पहिल्या वर्षी फक्त दिल्लीपुरती, १० शिष्यवृत्त्या. पुढच्या वर्षी देशभर, ३५०, आणि त्याही फक्त विज्ञान शिकणाऱ्यांना. १९७६ नंतर ती बाकीच्या विषयांना खुली झाली. २००० साली शिष्यवृत्त्या १००० झाल्या, २०१९ मध्ये २०००. यातलं २०१९ च्या आधीचं सगळं सर तासाला सांगायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, हा वेळ ठोकळ्यांना दिला असता तर बरं.

आमची दहावी नव्या पुस्तकांची पहिली बॅच. पुस्तकं त्याच वर्षी बदललेली, त्यामुळे जुन्या गाइडांचा उपयोग नाही आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतला समाजशास्त्राचा भाग जवळपास बाद. इतिहासात लढाया आणि सनावळ्या जाऊन इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, खेळ आणि इतिहास, पर्यटन आणि इतिहास असले धडे आले होते. भूगोलात अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना. नकाशात म्हसवड दाखवता आलं नसतं, पण ब्राझीलची पठारं झोपेत सांगता आली असती. गाइड नाही म्हटल्यावर एकच उपाय उरला: पाठ्यपुस्तकाची ओळ न ओळ. चौकटीतली माहिती, चित्राखालचा मजकूर, स्वाध्याय, सगळं. मोठ्या क्लासच्या मुलांकडे तरी त्या वर्षी याहून वेगळं काय होतं? नव्या पुस्तकांनी त्या वर्षी मैदान जरा सपाट केलं, असं मला अजूनही वाटतं.

परीक्षा नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर. केंद्र साताऱ्याला. पहाटेच्या एसटीनं गोंदवलं, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असं करत निघालो. हॉल तिकीट शाळेच्या लॉगिनवरून काढलेलं, सरांनी सगळ्यांची एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पेपर बरा गेला. मॅटमध्ये तिसऱ्या फेरीला थोडा वेळ उरला, सॅटमध्ये गणिताचे दोन-तीन राहिले. अंतरिम उत्तरसूची परिषदेच्या संकेतस्थळावर आली तेव्हा ताळा करून बघितला आणि बोर्डाच्या अभ्यासाला लागले. कारण सर म्हणायचे, उत्तरसूची बघून गुण कळतात, निवड कळत नाही. बाकीच्यांना किती पडले ते तिच्यात लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होताच. नवीन वर्ष लागलं आणि आमची दोन म्हसरं आणि एक गाय चारा छावणीत गेली. जनावरांबरोबर तात्याही, म्हणजे माझे वडील, तिथेच राहायला. संध्याकाळी मी डबा घेऊन जायची आणि उजेड असेपर्यंत तिथेच वाचत बसायची, घरी परत येऊन वाचण्यापेक्षा ते सोयीचं होतं. आजूबाजूच्या पालांतली म्हातारी माणसं विचारायची, "काय गं, कसला अभ्यास?" "स्कॉलरशिपचा." "आं? अजून स्कॉलरशिपच का? ती तर चौथीत असती."

राज्यस्तराचा निकाल आला तेव्हा बोर्डाची धामधूम होती. शाळेतून मी एकटीच यादीत. हेडसरांनी पेढे वाटले, फळ्यावर अभिनंदन लिहिलं, तालुक्याच्या वार्ताहरानं फोटो काढून नेला. घरी सगळ्यांना वाटलं, झालं. तात्या म्हणाले, "मग पैसं कवा येत्यात?" त्यांना सांगावं लागलं की हे अजून काहीच नाही. राज्यस्तराचा एक रुपयाही मिळत नाही. यादीत नाव आलं म्हणजे पुढच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, एवढंच.

आणि पुढची परीक्षा वेगळी होती. लोकांना हे पटत नाही, म्हणून मी यावर जरा जास्त बोलते. कागदावर दोन्ही टप्पे सारखे दिसतात: तेच मॅट, तेच सॅट, तेच १०० आणि १००, तेवढाच वेळ. पण राज्यस्तराचा सॅट आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवर होता, दुसऱ्या टप्प्याचा एनसीईआरटीच्या नववी-दहावीवर. म्हणजे माझ्या ब्राझीलचा आता काडीचा उपयोग नाही. त्यांच्या नागरिकशास्त्रात बेल्जियम आणि श्रीलंका. त्यांच्या इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती, नाझी जर्मनी, युरोपातला राष्ट्रवाद, छपाईचा इतिहास. अर्थशास्त्र नावाचं स्वतंत्र पुस्तकच. विज्ञानात गुरुत्वाकर्षण आमच्याकडे दहावीत, केप्लरच्या नियमांसकट आणि मुक्तिवेगासकट. त्यांच्याकडे ते नववीत आणि मुक्तिवेग नाहीच. आमच्या गणितात जीएसटी आणि शेअर्सचा धडा, त्यांच्यात युक्लिडचा भागाकार. बोर्डाच्या पेपरांसाठी जे डोक्यात भरलं होतं, त्यातलं बरंच बाजूला ठेवायचं होतं.

दुसरा प्रश्न भाषेचा. दुसऱ्या टप्प्याची परीक्षा मराठीतूनही देता यायची, तेरा भाषांत एक मराठी होतीच. पण फॉर्मवर एकच भाषा निवडायची. मी सेमीची. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकले, इतिहास-भूगोल मराठीतून. मराठी निवडली तर 'रेफ्रॅक्टिव्ह इंडेक्स'ला 'अपवर्तनांक' म्हणतात हे परीक्षेत आठवावं लागणार. इंग्रजी निवडली तर फ्रेंच राज्यक्रांती इंग्रजीतून. सेमीच्या मुलांना हा पेच नेहमीचाच, आणि त्याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. मी इंग्रजी घेतली. कारण साधं होतं: एनसीईआरटीची पुस्तकं हिंदीत आहेत, उर्दूत आहेत, इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. ज्या भाषेत पुस्तक वाचायचं, त्याच भाषेत प्रश्न वाचलेला बरा.

पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण मोबाइलवर दोनशे पानं वाचणं जिकिरीचं. मामा कामानिमित्त पुण्याला जायचा, त्यानं आप्पा बळवंत चौकातून आणून दिली. काही नवी, काही जुनी. जुन्यांत कुणीतरी पिवळ्या पेनानं रेघा मारलेल्या होत्या आणि त्या रेघा बहुतेक ठिकाणी बरोबर होत्या.

नववीच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा पालमपूर नावाच्या एका काल्पनिक गावाचा. तिथे वीज लवकर आली, कूपनलिका आल्या, सगळी जमीन ओलिताखाली आली, वर्षाला तीन पिकं निघतात. हा धडा मी छावणीत वाचला. शेजारी चाऱ्याच्या वाटपाची यादी वाचली जात होती. धडा चुकीचा नाही; पश्चिम उत्तर प्रदेशातल्या एका गावावर तो बेतलेला आहे आणि तिथे तसं झालंही असेल. पण उत्पादनाचे घटक समजावून सांगताना पाणी असणारच असं गृहीत धरणारा लेखक आमच्याकडे आला असता, तर त्यानं धड्याची सुरुवात वेगळी केली असती. मी समासात पेन्सिलीनं 'पाणी?' असं लिहून ठेवलं.

नववीच्याच इतिहासात पशुपालकांवरचा धडा होता, आणि त्यात धनगर होते. आपले, महाराष्ट्रातले. बाजरी काढली की ऑक्टोबरात कळप घेऊन कोकणाकडे निघतात, तिथले शेतकरी त्यांचं स्वागत करतात, कारण भाताच्या खाचरांत मेंढ्या बसल्या की खत मिळतं आणि मेंढ्यांना भाताची खुंटं. पावसाळा आला की परत माळावर. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या निम्म्या घरांची गोष्ट. शाळेत माझ्याबरोबर बसणाऱ्या मुलीचे चुलते दर दिवाळीनंतर दिसेनासे व्हायचे, ते कुठे जातात हे तिनं मला पाचवीतच सांगितलं होतं. एवढा लांबचा वाटणारा इंग्रजी इतिहास त्या दोन पानांनंतर जरा जवळ आला. बाकीचं गुज्जर बकरवालांचं, गद्दींचं, राइकांचं वर्णन मी फार सहज वाचून काढलं. काश्मिरातल्या वाटा वेगळ्या, पण जायचं-यायचं गणित तेच.

प्रश्नांची जातही वेगळी. राज्यस्तराला विचारायचे, तार दुप्पट लांब होईपर्यंत ताणली तर रोध किती पट? चौपट, कारण लांबी दुप्पट होताना छेदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. माहीत असलं की संपलं. एनसीईआरटीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत तीच तार ताणायची, तिचे तुकडे करायचे, ते तुकडे समांतर जोडायचे आणि मग घटापासून निघणारी धारा विचारायची. प्रत्येक पायरी दहावीच्याच पुस्तकातली, पण चारही पायऱ्या ७२ सेकंदांत. समाजशास्त्रातही चार विधानं देऊन 'यांपैकी कोणती बरोबर' असं विचारायचे. तीन विधानं पक्की माहीत असली तरी चौथ्यावर घोडं अडायचं. इथे चौथीतल्या बाईंची पुण्याई पुरेनाशी झाली. इथे लागत होतं ते, न समजलेल्या गोष्टीपाशी चिकटून बसणं. आमच्या त्या वर्गमित्राचा स्वभाव, ज्यानं गोल टेबलापायी राज्यस्तर घालवला होता. तो या टप्प्यावर असता तर माझ्या पुढे गेला असता, हे मी तेव्हाही म्हणत होते. मे महिन्यात माझी अडलेली भौतिकशास्त्राची उदाहरणं तोच सोडवून द्यायचा. पहिल्या चाळणीनं कोण गळतं आणि दुसरीला कोण हवं असतं, यांचा एकमेकांशी फारसा मेळ नाही.

मूळ वेळापत्रकात परीक्षा १२ मे २०१९ ला होती. त्या दिवशी लोकसभेच्या मतदानाचा एक टप्पा आला, म्हणून ती १६ जूनला गेली. महिनाभर जास्त मिळाला याचा आनंद पहिले दोन दिवस. मग कळलं की हा महिना कसा जाणार आहे: ८ जूनला दहावीचा निकाल. त्या वर्षी भाषांचे शाळेकडचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. घरोघरी रडारड. मला ठीक गुण पडले, अपेक्षेपेक्षा चार-पाच टक्क्यांनी कमी. अकरावीच्या प्रवेशाची पळापळ सुरू झाली आणि तिच्या मधोमध ही परीक्षा. आई म्हणाली, "आता ती परीक्षा राहू दे की, प्रवेशाचं बघ." तात्या एरवी अभ्यासाच्या भानगडीत पडत नाहीत, ते म्हणाले, "बास की. एवढं केलंय, तर जाऊन येऊ दे."

पुण्यात मावशीकडे उतरलो. परीक्षाकेंद्राबाहेर मोठ्या क्लासची पोरं एकसारखे टी-शर्ट घालून घोळक्यानं उभी, त्यांचे शिक्षक शेवटच्या सूचना देतायत. एक मुलगा दुसऱ्याला विचारत होता, "तुझं आठवीपासूनचं फाउंडेशन कुठलं?" मामानं मला हळूच विचारलं, "आपलं कुठलं गं?" मी म्हटलं, "छावणीतलं." तो हसला, मीही हसले. पण खरं सांगायचं तर पोटात गोळा होताच.

मॅट अवघड होता, पण ओळखीचा. सॅटमध्ये समाजशास्त्रापासून सुरुवात केली, ताजं डोकं तिथे हवं होतं. विज्ञान मधे, गणित शेवटी. हा क्रम मी आधी घरी घड्याळ लावून वेगवेगळे प्रयोग करून ठरवला होता. दुसऱ्या कुणाला हाच क्रम सोसेल असं नाही, पण क्रम परीक्षेच्या खोलीत ठरवू नये एवढं नक्की.

निकाल यायच्या आधी मी साताऱ्याला अकरावीत होते, होस्टेलवर. निकालाची पीडीएफ मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडली आणि बैठक क्रमांक टाकून शोधला. सापडला. होस्टेलच्या जिन्यात उभं राहून घरी फोन लावला, तर तात्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पैशांचा. या वेळी त्याला उत्तर होतं: अकरावी-बारावीला महिन्याला १२५० रुपये, पुढे पदवी आणि पदव्युत्तरला महिन्याला २०००. तात्या मनातल्या मनात हिशेब करत होते. "म्हंजी पेंडीचं पोतं सुटतंय," म्हणाले.

आता कागदांबद्दल. याला कुणी टप्पा म्हणत नाही, कुठल्या पुस्तकात त्याची तयारी नाही. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यावर येते. मी सोळा वर्षांची, माझं खातं नव्हतं. बँकेत गेलो तर आधारवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. एका अक्षराचा फरक. बँक म्हणाली आधार दुरुस्त करा, आधार केंद्र म्हणालं पुरावा आणा, पुरावा म्हणजे दहावीचं मूळ सर्टिफिकेट आणि ते प्रवेशासाठी कॉलेजात जमा. कॉलेजातले क्लार्क अशा शिष्यवृत्तीचं कधी काही केलेले नव्हते. त्यांनी मला आधी समाजकल्याणच्या खिडकीवर पाठवलं, तिथून परत. मी हातात एनसीईआरटीचा फॉर्म घेऊन उभी आणि ते विचारतायत, "हे महाडीबीटीवर दिसत का नाही?" कारण ते राज्य सरकारच्या त्या पोर्टलवरचं नाहीच. शेवटी प्राचार्यांकडे थेट गेले. त्यांनी फॉर्म वाचला, सही केली, शिक्का मारला आणि क्लार्कना बोलावून सांगितलं की या मुलीचं काम दर वर्षी करायचं. दर वर्षी, कारण विद्यार्थी शिकतो आहे आणि पास झाला आहे असं संस्थेचं पत्र लागतं.

मुलांना मी परीक्षेबद्दल कमी आणि याबद्दल जास्त सांगते. आधार, शाळेचा दाखला आणि बँकखातं, तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, हे नववीतच बघून घ्या. राष्ट्रस्तराला अडणारी मुलं मी थोडी पाहिली, दाखल्यांवर अडणारी पुष्कळ.

२०२० च्या मार्चनंतर कॉलेज बंद, तास ऑनलाइन. घरात एकच साधा फोन, बटणांचा. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी माझा पहिला स्मार्टफोन घेतला. पेंडीचं पोतं राहिलं बाजूला, आणि तात्यांनी त्याबद्दल एका शब्दानं तक्रार केली नाही. बारावीची परीक्षाच रद्द झाली. पदवीला पुण्याला आल्यावर २००० रुपयांत मेसचं बिल जवळजवळ निघायचं. पैशांचं महत्त्व एवढंच आणि ते कमी नाही. बाकी 'प्रज्ञावंत' वगैरे जे हारतुरे असतात, ते पहिल्या सेमिस्टरच्या निकालापर्यंत टिकतात.

आता त्या 'घ्यायची'बद्दल. ही योजना केंद्र सरकारच्या मंजुरीनं चालायची आणि ती मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतचीच होती. पुढे सध्याच्या स्वरूपात मंजुरी मिळाली नाही म्हणून योजना स्थगित आहे, असं एनसीईआरटीनं जाहीर केलं. आधी निवडले गेलेल्यांना शिष्यवृत्ती चालू राहिली, नव्या बॅचला परीक्षा नाही. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी असलेली केव्हीपीवाय, म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, तीही २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली. गावातल्या दुकानांत एनटीएसची पुस्तकं अजून मिळतात आणि पालक ती अजून विकत घेतात. याचा मला राग येतो. विकणाऱ्यानं एवढं तरी सांगावं.

माझा चुलतभाऊ आठवीत आहे. त्याला माझी एनटीएसची सगळी पुस्तकं हवी होती. मी त्याला बुद्धिमत्तेची तेवढी दिली आणि एनएमएमएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरायला लावलाय. ती आठवीतच द्यायची परीक्षा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. महाराष्ट्राला ११,६८२ शिष्यवृत्त्या, आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिच्यातही मॅट आणि सॅटच असतात. त्याला आरशातल्या प्रतिमा जमतात, घड्याळं जमत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही काटे फिरवत बसतो. काकांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करायला सांगितलंय, आणि त्याच्या आधारवरचं आडनाव मी स्वतः तपासलं. 'पी'च्या जागी 'बी' आहे. पुढच्या आठवड्यात तो आणि काका दहिवडीला जाणार आहेत.